धावण्याची उंची

खाली बसवलेल्या ट्रकचा फोटो बहुतेक वेळा एकाच अवस्थेत काढलेला असतो. एअर बॅगमधली (स्प्रिंगच्या जागी बसवलेल्या हवेच्या फुग्यांमधली) हवा पूर्ण सोडलेली, चासी जमिनीला टेकलेली, मागची चाकं मडगार्डमध्ये अर्धीअधिक गडप. ते रूप देखणं असतं यात वादच नाही. मी या कामाकडे वळलो तो त्याच रूपामुळे. पण ट्रक त्या अवस्थेत धावत नाही. तो पाच-दहा सेंटिमीटर वर उचलून चालवला जातो, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या भूमितीचा सगळा हिशेब त्या उंचीला द्यावा लागतो. म्हणून फोर-लिंक (मागचा अ‍ॅक्सल पाट्यांऐवजी चार नळ्यांनी धरणारी रचना) बसवायला निघालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न तोच विचारतो: गाडी चालवणार किती उंचीवर? "ते नंतर बघू" असं उत्तर आलं की मी कामाला हात लावत नाही. ब्रॅकेटमधलं प्रत्येक भोक, नळ्यांच्या लांब्या, पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दातेरी दांड्याचा) कोन, सगळं त्या एका आकड्यावर उभं राहणार असतं. तो आकडा नंतर बघायचा म्हणजे पायाच्या आधी कळस चढवायचा.

मूळ ट्रकमध्ये हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण तिथे पाटे असतात. पाटे म्हणजे एका भागात चार नोकर. तेच वजन पेलतात, तेच अ‍ॅक्सलला पुढे-मागे सरकू देत नाहीत, तेच त्याला डावी-उजवीकडे धरून ठेवतात, आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचताना अ‍ॅक्सल उलटा फिरू पाहतो तेव्हा त्याला आवरतात तेही तेच. फोर-लिंकमध्ये ही कामं वाटली जातात. वजन एअर बॅग किंवा कॉइल पेलते, अ‍ॅक्सलची जागा चार नळ्या, म्हणजे लिंका, ठरवतात. पाट्यांच्या बाबतीत कारखान्यातल्या कुणा इंजिनिअरने आपल्या वतीने आधीच निर्णय घेऊन ठेवलेले असतात. इथे एकही निर्णय आधी घेतलेला नसतो. हे स्वातंत्र्य मला फार मोलाचं वाटतं, आणि त्याचा धाकही वाटतो.

कामाला सुरुवात होते ती लोखंड न कापता. चासी धावण्याच्या उंचीवर घोड्यांवर ठेवायची, बॅगा काढून बाजूला, चाकं मात्र खऱ्या टायरसकट, पूर्ण हवा भरून. उभ्या-आडव्या पाणसळीने खात्री करून घ्यायची. मग ओळंबा. पुढच्या सस्पेन्शनची मूळ भोकं, पाट्यांच्या जुन्या हँगरचे बोल्ट, म्हणजे कारखान्यात जिगवर (साच्यावर) पडलेली जी भोकं असतील ती शोधायची आणि एकेक करून जमिनीवर उतरवायची. जमिनीवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवलेले असतात. ओळंब्याचं टोक टेपच्या वर तांदळाएवढ्या अंतरावर आणून सोडायचं आणि थांबायचं. पंखा बंद, दार बंद. झुळूक आली तरी टोक दोन मिलिमीटर भटकतं. ते स्थिरावलं की बारीक पेन्सिलने फुली. सगळ्या फुल्या झाल्या की दोन्ही बाजूंच्या जोड्यांचे मध्यबिंदू काढून त्यांच्यावरून सूत ताणायचं. मध्यबिंदू एका सुतात आले आणि कर्ण सारखे भरले तर चासी सरळ आहे. जुन्या ट्रकची चासी पुष्कळदा सरळ नसते, आणि ते इथे कळलेलं बरं.

या सुताला धरूनच अ‍ॅक्सल काटकोनात बसवायचा. डावं चाक उजव्यापेक्षा फक्त ३ मिमी मागे राहिलं, तर १५०० मिमी रुंदीवर तो फरक ०.१ अंशाहून थोडा जास्त होतो. ऐकायला काहीच नाही. पण मागचा अ‍ॅक्सल जिकडे बघतो तिकडे गाडी जाऊ पाहते, आणि चालकाला सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वळवून धरावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. ट्रककडे बाजूने बघा. एका बाजूची वरची आणि खालची लिंक, दोन्ही मनातल्या मनात पुढे वाढवत न्या. जिथे त्या रेषा एकमेकींना छेदतात ते इन्स्टंट सेंटर. तिथे बोल्ट नाही, नळी नाही, हवाच असते. तरी त्या क्षणापुरता अ‍ॅक्सल त्या बिंदूभोवती फिरतो, दार बिजागरीभोवती फिरतं तसा. लिंका हलल्या की रेषा हलतात आणि बिंदूही सरकतो.

या बिंदूचं महत्त्व अँटी-स्क्वॉटमुळे, म्हणजे गाडीचा मागचा भाग बसू न देण्याच्या गुणामुळे. गाडी जोरात निघाली की पुढच्या चाकांवरचा भार मागे येतो. किती येतो हे लिंकांच्या हातात नसतं. ते वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवर ठरतं. १८०० किलोचा ट्रक, गुरुत्वमध्य ५५० मिमी उंच, व्हीलबेस ३००० मिमी, आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट धरला, तर सुमारे १३२ किलो मागे सरकतात, मग लिंका कशाही लावा. लिंका ठरवतात ते एवढंच की या १३२ किलोंपैकी किती स्प्रिंगवर पडतील आणि किती थेट लिंकांमधून चासीत जातील. सगळे स्प्रिंगवर पडले तर अँटी-स्क्वॉट शून्य, गाडीचा मागचा भाग मनसोक्त बसतो. सगळे लिंकांतून गेले तर १०० टक्के, गाडी बसतच नाही. मोजायची रीत सोपी आहे. मागच्या टायरचा जमिनीला टेकणारा बिंदू आणि इन्स्टंट सेंटर यांना जोडणारी रेषा पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत वाढवायची. तिथे ती जमिनीपासून जितकी उंच असेल, तिला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू, कारण खरं घोडं इथेच पेंड खातं. खालची लिंक ६०० मिमी लांब, दोन्ही टोकं जमिनीपासून २३० मिमी, म्हणजे पूर्ण आडवी. वरच्या लिंकचं अ‍ॅक्सलकडचं टोक ४३० मिमीवर, चासीकडचं ३९० मिमीवर, आडवं अंतर ५०० मिमी. अ‍ॅक्सलकडची दोन्ही टोकं एकाच उभ्या रेषेत, अ‍ॅक्सलच्या मध्यावर धरू. वरची लिंक ५०० मिमीत ४० मिमी उतरते, तेव्हा २०० मिमी उतरायला तिला २५०० मिमी लागतील. इन्स्टंट सेंटर अ‍ॅक्सलच्या २५०० मिमी पुढे, २३० मिमी उंचीवर. टायरखालून त्यातून गेलेली रेषा ३००० मिमीवर २७६ मिमी उंच होते. २७६ भागिले ५५०, म्हणजे अँटी-स्क्वॉट ५० टक्के. आता चासीच्या ब्रॅकेटवर वरच्या लिंकसाठी फक्त २० मिमी खाली दुसरं भोक पाडा. इन्स्टंट सेंटर साधारण १६६७ मिमीवर येतं आणि आकडा होतो ७५ टक्के. अंगठ्याच्या रुंदीएवढा फरक, आणि गाडीचा स्वभाव बदलला.

याच गाडीतली हवा सोडून चासी ७५ मिमी खाली आणली तर? अ‍ॅक्सल जिथे आहे तिथेच राहतो, टायरवर उभा. लिंकांची चासीकडची टोकं मात्र ७५ मिमी खाली येतात. खालची लिंक पुढे उतरती होते, वरची त्याहून जास्त उतरती. दोघी आता सुमारे १९०० मिमीवर भेटतात, आणि ती भेट जमिनीच्या किंचित खाली होते. अँटी-स्क्वॉट शून्यावर आला, तिळभर उणाच. भोकं तीच, नळ्या त्याच. फोटोच्या उंचीला सगळं जुळवून मग "थोडी उचलून चालवू" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून बघावा. उलट्या दिशेनेही तो तितकाच निर्दय आहे.

आणि आता तीच गाडी दीडपट लांब लिंका लावून बघा: खालची ९००, वरचीचं आडवं अंतर ७५०. धावण्याच्या उंचीला उतार तोच ठेवला, की इन्स्टंट सेंटर तिथेच आणि अँटी-स्क्वॉटही ५० टक्केच. पण ७५ मिमी खाली बसवल्यावर आता तो शून्यावर जात नाही, १८ टक्क्यांच्या आसपास थांबतो. म्हणून माझा आग्रह नेहमी लांब लिंकांचा. हौद्याखाली जागा नाही, टाकी आडवी येते, एक्झॉस्टची नळी मध्येच आहे, ही सगळी कारणं खरी आहेत. तरी टाकी हलवता येते. आखूड लिंकचा स्वभाव हलवता येत नाही.

किती टक्के ठेवावा यावर गाडीवेडे तासन्‌तास बोलू शकतात. ड्रॅग रेसिंगचे लोक १०० च्या वर जातात, कारण त्यांना पहिल्या क्षणी टायर जमिनीत दाबायचा असतो. रस्त्यावरच्या, खाली बसवलेल्या, हौदा बहुतेक वेळ रिकामा असणाऱ्या ट्रकला मी ४० ते ७० च्या मध्ये ठेवतो. त्याच्या फार वर गेलं की जोरात ब्रेक लावताना मागची चाकं टपटप उडायला लागतात. जोर देताना जी भूमिती मागचा भाग वर धरते, तीच ब्रेक लावताना उलट काम करून त्याला खाली ओढते, कारण ब्रेक अ‍ॅक्सलवरच बसलेले असतात; ओढ मर्यादेत असेल तर चांगली, अती झाली की चाकं नाचतात.

पिनियनच्या कोनाचा प्रश्न निराळा असला तरी सुटतो याच नळ्यांमधून. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतात. क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. ३ अंशांत हा चढउतार ०.१४ टक्के, १० अंशांत दीड टक्का. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असेल आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट व पिनियन एकमेकांना समांतर असतील, तर एकाने बिघडवलेलं दुसरा निस्तरतो. खाली बसवलेल्या ट्रकची अडचण अशी, की चासी खाली आल्याने गिअरबॉक्सही खाली येतो आणि पिनियन त्याच्या शेपटीपेक्षा वर राहतो. गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता असेल आणि शाफ्ट मागे १ अंश चढता असेल, तर क्रॉसला ४ अंश सोसावे लागतात. मूळ उंचीला शाफ्टही उतरता होता तेव्हा हेच काम एखाद्या अंशात भागत होतं. ३ अंशांच्या आत राहावं हा माझा प्रयत्न असतो. त्यासाठी कधी गिअरबॉक्सचं माउंटिंग थोडं उचलावं लागतं. अगदी शून्य अंशही नको. क्रॉसमधल्या सुया थोड्या तरी फिरल्या पाहिजेत, नाहीतर एकाच जागी दाब पडून त्यांचे चरे उमटतात.

वरच्या उदाहरणातला ट्रक ७५ मिमी खाली बसला की पिनियनचं नाक सुमारे २ अंश खाली झुकतं. बसलेल्या गाडीत त्याने काही बिघडत नाही, शाफ्ट फिरतच नाही. पण धावताना मोठ्या खड्ड्यात तोच प्रवास घडतो. ज्यांना हे नको ते चारही लिंका समांतर आणि सारख्या लांबीच्या ठेवतात. मग अ‍ॅक्सल कितीही वर-खाली जावो, पिनियनचा कोन बदलत नाही. त्याची किंमत अशी की इन्स्टंट सेंटर उरतच नाही, समांतर रेषा भेटणार कुठे? अँटी-स्क्वॉट मग फक्त लिंकांच्या उताराने ठरतो, आणि आडव्या लिंकांना तो शून्य असतो. मी तरी थोडा कोन बदलू देतो आणि अँटी-स्क्वॉट पदरात पाडून घेतो.

समांतर रचनेच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. वळणावर गाडी एका बाजूला कलते, तेव्हा एका बाजूची चाकं वर जातात, दुसऱ्या बाजूची खाली. लिंका असमांतर असतील तर डाव्या जोडीला पिनियन खाली झुकवायचा असतो आणि त्याच क्षणी उजव्या जोडीला तो वर उचलायचा असतो. अ‍ॅक्सलची नळी तर एकच. ती पिळली जाऊ शकत नाही, म्हणून पीळ बुश आणि ब्रॅकेट सोसतात. दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन लावलं की मागचा भाग वळणावर अडखळल्यासारखा वागतो आणि वेल्ड कधीतरी तडकतात. निदान एका टोकाला हाइम जॉइंट (सगळीकडे वळणारा गोळ्याचा सांधा) किंवा मऊ रबर दिलं की ही कुचंबणा कमी होते.

आता डावी-उजवी. चार लिंका बाजूने समांतर आणि वरूनही समांतर असतील तर अ‍ॅक्सलला आडवं धरणारं कुणीच नसतं. त्यासाठी एक तर पॅनहार्ड बार (चासी आणि अ‍ॅक्सल यांना जोडणारा आडवा दांडा) लावायचा, नाहीतर वरच्या दोन लिंका तिरक्या करून डिफरन्शियलवर एकमेकींजवळ आणायच्या. तिरक्या लिंकांची रचना मला आवडते, कारण अ‍ॅक्सल सरळ वर-खाली जातो. पण दोन्ही लिंकांमधला कोन ४० अंशांच्या खाली गेला की त्यांची आडवी पकड ढिली पडते आणि बुशवर नको तेवढा भार येतो. तेवढा कोन मिळवायला हौद्याखाली आडवा पूल बांधावा लागतो, आणि खाली बसवलेल्या ट्रकमध्ये त्या पुलासाठी हौद्याचा तळ कापावा लागतो. पॅनहार्ड बार सोपा. त्याचा दोष एकच: तो कंसात फिरतो, म्हणून अ‍ॅक्सलला बाजूला सरकवतो. धावण्याच्या उंचीला आडवा असलेला १००० मिमीचा बार १२५ मिमी प्रवासात अ‍ॅक्सल जवळजवळ ८ मिमी सरकवतो. ५०० मिमीचा बार तेवढ्याच प्रवासात १६ मिमी. मडगार्डची कड आणि टायर यांच्यात बोटभर जागा सोडलेली असते, तिथे हे १६ मिमी म्हणजे टायर कापणारी धार. बार शक्य तितका लांब हवा, आणि आडवा हवा तो धावण्याच्या उंचीला.

ज्याला तेवढंही सरकणं नको त्याच्यासाठी वॉट लिंकेज आहे. जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ रेषेत चालावा म्हणून ही जोडणी काढली. दोन लांब दांडे, मध्ये एक छोटा दांडा, आणि त्याचा मध्यबिंदू बऱ्याच अंतरापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत फिरतो. उतारवयात मुलाला लिहिलेल्या पत्रात वॉटने म्हटलं होतं की आपल्या सगळ्या यांत्रिक शोधांमध्ये त्याला याचाच जास्त अभिमान वाटतो. वाफेचं युग संपलं, आणि ती जोडणी आजही ट्रकच्या डिफरन्शियलमागे तेच काम करते आहे. ती बसवताना मला दर वेळी आनंद होतो.

नळ्यांच्या जाडीबद्दल थोडक्यात, पण ठासून. जोर देताना खालची लिंक दाबली जाते, वरची ताणली जाते. ब्रेक लावताना उलट. आपल्या उदाहरणात खालच्या लिंका, दोन्ही मिळून, टायरच्या जोराच्या २.१५ पट भार घेतात. वर-खालच्या लिंकांमधलं अंतर २०० ऐवजी १५० मिमी केलं, २५० आणि ४०० मिमीवर, तर तो भार २.६७ पट होतो. जागा वाचवायला अ‍ॅक्सलवरचे ब्रॅकेट आखूड करणारे हे विसरतात. एअर बॅग खालच्या लिंकवर बसवली तर लिंकला वाकवणारा भारही येतो, आणि मग साधी नळी चालत नाही, पेटीसारखी जाड लिंक लागते.

हे सगळं जमेपर्यंत पक्कं वेल्डिंग करायचं नाही, फक्त टाके मारायचे. मग बॅगा न लावता जॅकने अ‍ॅक्सल तळापासून सी-नॉचच्या (अ‍ॅक्सलला वर जागा मिळावी म्हणून चासीत कापलेल्या खाचेच्या) बंपस्टॉपपर्यंत हळूहळू फिरवायचा, दर २५ मिमीला थांबून पिनियनचा कोन, टायर आणि कडेतली फट, शाफ्ट आणि चासीच्या आडव्या तुळईतली फट वहीत लिहायची. मग एका बाजूचं चाक वर आणि दुसरं खाली करून पुन्हा तेच. या दुसऱ्या फेरीत जे घासतं ते पहिल्या फेरीत कधी दिसत नाही. मनासारखं झालं की पक्कं वेल्डिंग, थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये थंड होऊ देत. अ‍ॅक्सलच्या नळीवर एकाच बाजूला सलग आग धरली तर ती केळ्यासारखी वाकते आणि बेअरिंग खाते. थंड झाल्यावर ओळंबा पुन्हा काढायचा. वेल्डिंगने एखादा मिलिमीटर ओढला गेलेला असतोच.

तो मिलिमीटर लिंकच्या आट्यांमध्ये भरून काढता येतो. १.५ मिमी आट्याची हाइम एक फेरा फिरवली की २०० मिमी अंतरावर पिनियन ०.४ अंशाहून जरासा जास्त फिरतो. दोन्ही वरच्या लिंका सारख्याच फिरवायच्या, पाव-पाव फेऱ्याने. एकच फिरवली तर अ‍ॅक्सलला पीळ पडतो आणि एक मागचं चाक हलकं होतं. शेवटी चाकं जमिनीवर, बॅगांमध्ये हवा, टाकी अर्धी भरलेली, गाडी आपल्या ठरलेल्या उंचीवर. रबर बुशचे बोल्ट तेव्हाच पक्के आवळायचे. हवेत लटकलेल्या अ‍ॅक्सलवर आवळले तर रबर त्याच अवस्थेत धरलं जातं आणि धावण्याच्या उंचीला कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं. जॅमनट (आटा जागेवर धरून ठेवणारा नट) आवळून झाला की नट आणि नळी दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढायची. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन गाडीखाली जायचं आणि सगळ्या रेघा अजून सलग आहेत का ते बघायचं.